सतराव्या ओळीतला हापसा

सकाळी पावणेदहाला फोन आला. नंबर अनोळखी होता.

"अहवालवाले सर का? मी लोह्याकडून बोलायलेय. अंगणवाडीची ताई. पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या होत्या बघा मी."

मला ती आठवली. बाटलीवर चिकटवायच्या कागदावर गावाचं नाव, तारीख आणि वेळ तिनं स्वतः लिहिली होती. बाकीच्या गावांच्या बाटल्यांवर वेळ नव्हती.

"बोला, ताई."

"आमचा हापसा हिरवा कसा काय झाला, सर?"

मी म्हणालो, पाहून सांगतो. फोन ठेवायच्या आत ती पुढचं बोलली. "मंगळवारी पेंटर आला. मी म्हणलं, अरे लाल लाव. त्यानं तुमचं पुस्तक दाखवलं. पुस्तकात पिण्यायोग्य लिहिलंय. आता मशिनीनं तपासलंय, छापून आलंय, म्हणजे माझंच चुकलं असंल, सर. तीन दिवस झाले, लेकरांना त्याचंच पाजायलेय."

इथे थोडं मागचं सांगायला हवं. मी वीस वर्षांहून जास्त काळ वर्तमानपत्राच्या डेस्कवर काम केलं. ते सुटल्यावर लातुरातल्या एका लहान संस्थेचे अहवाल संपादित करायला लागलो. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त शिक्षक आहेत. सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. त्या वर्षी संस्थेनं लोहा, नायगाव आणि रेणापूर या तीन तालुक्यांतल्या बावीस गावांचं पाणी तपासलं. प्रत्येक गावातला एक सार्वजनिक हापसा किंवा विहीर निवडायची, नमुना प्रयोगशाळेत द्यायचा, निकाल अहवालात छापायचा. मग संस्थेचा पेंटर गावोगाव जाणार. पाणी पिण्यायोग्य असेल तर हिरवा रंग, नसेल तर लाल. पेंटरच्या हातात अहवालाची प्रत द्यायची, म्हणजे कुठे कोणता डबा उघडायचा ते त्याला कळेल.

या ताईच्या गावात हापशाचं पाणी चवीला गोड आहे. दिसायला स्वच्छ आहे. त्यात फ्लोराइड आहे. ते दिसत नाही, त्याला वास नाही. मुलांच्या पुढच्या दातांवर तपकिरी रेघा उठतात. म्हातारी माणसं गुडघे वाकवू शकत नाहीत आणि त्याला वय म्हणतात. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी तपासणीला येऊन तोंडी सांगून गेलं होतं की हे पाणी पिऊ नका. कागद दिला नव्हता. तेवढ्या तोंडी सांगण्यावर तिनं अंगणवाडीच्या खिचडीसाठी हापशाचं पाणी बंद केलं. मग वस्तीतल्या बायकांच्या मागे लागली. ओढ्यापलीकडे एका शेतात विहीर आहे, तिचं पाणी चांगलं आहे. जाऊन येऊन अर्धा तास लागतो. बायका आधी हसल्या, मग भांडल्या, मग जायला लागल्या. लोक तिला विचारत, कशावरून? कागद कुठाय? म्हणून तिनं आमची बाटली इतकी जपून भरली होती. तिला कागद हवा होता.

कागद आला, आणि त्यानं उलटं सांगितलं.

अहवालाची छापील प्रत घरी माझ्या टेबलावर होती. तिच्या गावाचं पान काढलं. वर गावाचं नाव. खाली हापशाचा फोटो. बाजूला ती स्वतः, हातात बाटली. फोटोखाली मी लिहिलेला परिच्छेद. त्याखाली तक्ता, एकाच ओळीचा. फ्लोराइड मर्यादेच्या आत. शेरा: पिण्यायोग्य.

मग कपाटातून प्रुफांचा गठ्ठा काढला. माझी एक सवय आहे. वाचून झालेल्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मी 'वाचले' लिहून सही करतो. डेस्कवर ही सवय लागली. तिथे सही झालेलं पान छपाईला सोडलं की ते पान तेच राहतं. चूक असेल तर चुकीसकट तेच राहतं. गठ्ठ्यात तिच्या गावाचं पान सापडलं. तेच नाव, तोच फोटो, परिच्छेदात तोच स्वल्पविराम. तक्त्यात फ्लोराइड मर्यादेच्या दुपटीहून जास्त. शेरा: पिण्यास अयोग्य. कोपऱ्यात माझी सही.

दोन्ही पानं शेजारी ठेवली. चुकीचा आकडा छापला जाणं मला नवीन नाही. शून्य पडतं, टिंब सरकतं. पण चुकलेला आकडा चुकलेल्यासारखा दिसतो. इथे आकडा सुबक होता, शेरा आकड्याशी जुळत होता, आणि तो मी वाचलेलाच नव्हता. मी सही केल्यानंतर पानावरची एक ओळ निघून गेली होती आणि तिच्या जागी दुसरी येऊन बसली होती. तीस मिनिटांपूर्वी कुणी मला असं घडतं म्हणून सांगितलं असतं, तर मी ती बातमी घेतली नसती.

परिच्छेदात आकडा असता तर विसंगती तिथेच दिसली असती. तो नव्हता, कारण मीच काढला होता. डेस्कचा नियम आहे: आकडा तक्त्यात असेल तर मजकुरात पुन्हा लिहायचा नाही. दोन ठिकाणी लिहिला की एका ठिकाणी दुरुस्त होतो आणि दुसरीकडे राहून जातो. मी बावीसही परिच्छेदांतून आकडे आणि निकाल काढून टाकले होते.

संस्थेचं कार्यालय जवळच आहे. तिथली कॉम्प्युटर ऑपरेटर रेणापूरहून रोज येजा करते. अहवालाची फाइल तिनं बांधली होती. मी दोन्ही पानं तिच्यासमोर ठेवली आणि विचारलं, "माझ्या सहीनंतर या पानाला कुणी हात लावला?"

तिनं पानं पाहिली. चेहरा उतरला. "मी न्हाई सर. आईची शपथ."

"शपथ नको. छापखान्यात देण्याआधी तुम्ही काय काय केलंत, ते क्रमानं सांगा."

"फाइल उघडली. फाइलीनं विचारलं, लिंक अपडेट करू का? मी हो म्हणलं. मग पीडीएफ केली अन् पाठवली. बस, एवढंच."

"लिंक म्हणजे?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याबरोबर चार महिने त्या फाइलीवर काम करत होतो. "सर, तुम्हाला वाटलं काय, हे आकडे ह्या फाइलीत हायेत?"

मला तसंच वाटत होतं.

तिनं अहवालाची फाइल उघडली, ताईच्या गावाच्या पानावर गेली आणि दोन बटणं एकदम दाबली. तक्ता नाहीसा झाला. त्या जागी इंग्रजी अक्षरांची एक ओळ उरली. तिनं बोट ठेवून ती मला वाचून दाखवली. आधी दुसऱ्या एका फाइलीचा पत्ता. ती आकड्यांची फाइल, ज्या शीटमध्ये बावीस गावांचे निकाल भरले होते ती. मग शीटचं नाव. मग ओळ सतरा, रकाना चार ते सात.

"इथं आकडा न्हाई ठेवलेला, सर. आकडा कुठं ऱ्हातो तेवढा पत्ता ठेवलाय. फाइल उघडली की ही तिथं जाऊन बघून येती, अन् जे दिसंल ते इथं दाखवती."

"मग मी प्रूफ वाचलं तेव्हा?"

"तवा सतराव्या ओळीत जे होतं ते दिसलं."

"आणि आता?"

"आता जे हाय ते. सतरावी ओळ म्हणजे सतरावी ओळ, सर. तिथं कोणतं गाव बसलंय त्याच्याशी तिला काय घेणं?"

असं का केलं, हे मी विचारलं. तिचं उत्तर सरळ होतं. प्रयोगशाळेकडून निकाल तुकड्यातुकड्यानं येत होते, दोनदा दुरुस्त्याही आल्या. प्रत्येक वेळी शीटमध्ये बदलायचं आणि पुन्हा अहवालाच्या पानावर बदलायचं म्हणजे चुका होणारच. जोडून ठेवलं की एका जागी बदललं, काम झालं. म्हणजे आकडा एकाच ठिकाणी असावा, हा माझाच नियम तीही पाळत होती.

तिनं शीट उघडलं. सतराव्या ओळीत नायगाव तालुक्यातलं एक गाव होतं. विहिरीचं पाणी, उत्तम. ताईचं गाव त्याच्याखाली, अठराव्या ओळीत. फ्लोराइड दुपटीहून जास्त, पिण्यास अयोग्य. शीटमध्ये सगळं बरोबर होतं. फक्त प्रत्येक गाव एकेक ओळ खाली सरकलं होतं.

"वरून कुणीतरी एक ओळ घुसवलीय," ती म्हणाली.

"कुणी?"

"सर, रागावणार नसाल तर एक दाखवू?"

तिनं फाइलीची माहिती उघडली. शेवटचा बदल कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या खात्यातून झाला, ते तिथे लिहिलेलं असतं. प्रुफावर सही केली त्याच दिवसाची संध्याकाळ. खात्याचं नाव: संपादक.

ते खातं कार्यालयातल्या माझ्या कॉम्प्युटरचं आहे. दुसरं कुणी तिथे बसत नाही.

मी ते तीन वेळा वाचलं. मी त्या संध्याकाळी काय केलं होतं, ते मला आठवत नव्हतं. मग आठवलं.

प्रुफं संपवून मी उठत होतो, तेव्हा गुरुजींचा फोन आला होता. प्रकाशनाचा कार्यक्रम रेणापूर तालुक्यातल्या एका गावात ठरला होता. मंडप, जेवण, सगळं त्या गावानं अंगावर घेतलं होतं. व्यासपीठावरून बावीस गावांची यादी वाचायची होती.

"यादीत यजमान गाव कितवं हाय?" गुरुजींनी विचारलं.

"शेवटचं. नमुने ज्या क्रमानं आले, त्या क्रमानं यादी आहे."

"आरं, ज्याच्या मंडपात बसायचं त्याला शेवटी वाचायचं? पंगतीत यजमान शेवटी जेवतो, यादीत न्हाई. त्यांना पहिलं घ्या. मानाचं हाय ते."

मला त्यात गैर वाटलं नाही. बातमीच्या शेवटी उपस्थितांची नावं लिहिताना कुणाचं नाव कुणाच्या आधी, हे मी वीस वर्षं ठरवत होतो. आमच्याकडे यावरून माणसं बोलेनाशी होतात. मी शीट उघडलं. शेवटची ओळ उचलली, शीर्षकाखाली पहिली घातली. अनुक्रमांक पुन्हा एकपासून बावीसपर्यंत नीट टाकले. साठवलं. यादीची एक प्रत छापून खिशात ठेवली. या सगळ्याला पाच मिनिटं लागली. अहवालाची फाइल मी उघडलीसुद्धा नाही. यादी वेगळी आणि अहवाल वेगळा, अशी माझी समजूत होती.

ऑपरेटरला मी म्हणालो, "चूक माझी आहे." तिनं पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला.

त्यानंतर तासभर आम्ही प्रूफ आणि छापील प्रत पानोपान ताडून पाहिली. आकडे सगळ्याच पानांवर बदलले होते. पण ते गाव आणि यादीत त्याच्या वरचं गाव, दोन्हींचा निकाल सारखाच असेल तिथे शेरा तोच राहिला होता. निकाल उलटा झालेली पानं चार निघाली. पेंटरला फोन लावला. त्याचे पाच हापसे रंगवून झाले होते. उलट्या निकालाचा त्यांत एकच होता.

"मालक, मी तर बुकात बघूनच लावलंय," तो म्हणाला. "ती बाई लाल लाव, लाल लाव म्हणून मागंच लागली होती. मी म्हणलं, बाई, तू शानी का बुक शानं?"

त्याला काम थांबवायला सांगितलं. लाल डबा घेऊन दुसऱ्या दिवशी त्या गावात जा, असंही सांगितलं. मग गुरुजींना फोन केला. ते म्हणाले, "मी तर फक्त मान राखा म्हणलो होतो."

प्रयोगशाळेतल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, तीन दिवसांच्या पाण्यानं काही होत नाही, हे विष वर्षानुवर्षं साचतं. ऐकून हायसं वाटायला हवं होतं. पण दोन वर्षं भांडून लावलेली सवय तीन दिवसांत सुटली असेल तर ती परत लागणार का, हे त्याला विचारण्यात अर्थ नव्हता.

सही केलेलं प्रुफाचं पान आणि प्रयोगशाळेचा मूळ कागद घेऊन मी एसटीनं निघालो. अहमदपूरमार्गे लोहा, तिथून काळीपिवळी जीपनं गाव. पोचलो तेव्हा चार वाजत आले होते. हापसा अंगणवाडीच्या भिंतीपासून वीस पावलांवर आहे. रंग ताजा होता, उन्हात चकाकत होता. काम नीट केलं होतं. दांड्याच्या खालची बाजूसुद्धा सोडली नव्हती. पाण्याची वेळ होती. बायका घागरी घेऊन उभ्या होत्या. पारावर तीन-चार म्हातारे बसले होते.

ताई बाहेर आली. फोटोत दिसते त्याहून लहानखुरी. तिच्या मागे तिची मुलगी उभी होती, सात-आठ वर्षांची. ती माझ्याकडे पाहून हसली, तेव्हा दातांवरच्या रेघा दिसल्या.

मी उभ्या उभ्याच सांगितलं. पाणी पिण्यास अयोग्य आहे. पुस्तकात छापलेला आकडा दुसऱ्या गावाचा आहे. चूक संस्थेची नाही, मशिनीची नाही, माझी आहे. तिनं कागद हातात घेऊन वाचला. मग खाली बसली. रडली नाही. म्हणाली, "म्हणजे माझंच खरं होतं, अन् मीच पाजलं."

"तीन दिवसांनी काही होत नाही, ताई. प्रयोगशाळेत विचारून आलोय."

"दोन वर्षं मी ह्यांच्या पाया पडले, सर. तुमच्या बुकावर माझा इतका भरवसा, की मी सोताच्या हातानं पिंप भरलं."

छापलेल्यावर लोक असा भरवसा ठेवतात, म्हणूनच मला वीस वर्षं पगार मिळत होता.

पारावरून एक म्हातारा ओरडला, "काय म्हणतेत गं साहेब? हिरवं का लाल?"

"लाल हाय, आबा," ती म्हणाली. "चुकून हिरवं झालं."

"चुकून! अन् उद्याच्याला परत चुकून हिरवं करतेल का? आमच्या बायांनी काय रंग बघत बसायचं व्हय?" बाकीचे हसले.

एक बाई घागर कमरेवर घेऊनच म्हणाली, "ताई, परवा तूच म्हणलीस की पिवा. आता तूच म्हणायलीस नको. आमी कोणाचं ऐकावं?"

ताई उठली. आत जाऊन अहवालाची प्रत घेऊन आली. कार्यक्रमात तिला मिळाली होती, तिनं त्या प्रतीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं होतं. गावाचं पान उघडून माझ्यासमोर धरलं. "ह्याच्यावर लिहा, सर. हातानं लिहा. काट मारा अन् खरा आकडा लिहा, खाली सही करा."

मी तक्त्यावर आडवी रेघ मारली. मूळ कागद पाहून आकडा लिहिला, पुन्हा ताडून पाहिला. शेरा लिहिला. सही केली, तारीख टाकली. तिच्या बाटलीवर वेळ होती म्हणून वेळही टाकली. तिनं ते पान बायकांसमोर धरून मोठ्यानं वाचलं. मग आतून पिंप ओढत आणलं, सगळ्यांसमोर आडवं केलं. पाणी हापशाच्या चौथऱ्यापर्यंत वाहत गेलं.



मी मोजलं. सातजणी होत्या. चौघी ओढ्याच्या वाटेला लागल्या. त्यांत कोणाचं ऐकावं असं विचारणारी होती. ती जाता जाता ताईला म्हणाली, "हे शेवटचं हां." तिघी तिथेच थांबल्या. त्यातली एक हापशाकडे सरकली आणि घागर नळाखाली ठेवली.

ताईनं पुढे होऊन दांड्यावर दोन्ही हात ठेवले आणि उभी राहिली.

"बाजूला सरक, ताई."

"न्हाई."

"अगं, तुझं काय हाय ह्यात? पानी सरकारचं हाय."

"पेंटर येईपर्यंत न्हाई."

पेंटर दुसऱ्या दिवशी येणार होता. मी तिला तसं सांगितलं. ती हो म्हणाली, हात काढले नाहीत. मुलगी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. शेवटची काळीपिवळी साडेपाचला होती. तीत बसलो, गाडी वळणावर आल्यावर मागे पाहिलं. घागर नळाखाली होती, तिन्ही बायका चौथऱ्यावर बसल्या होत्या, आणि ताईचे हात दांड्यावर होते.